बंद पडलेला टिलर आणि ठिणगीचा शोध

(पंचायत सदस्य, शिक्षक व कृषी विस्तार कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोकणात भातकापणी आटोपली की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल, पावटा, कुळीथ पेरण्यासाठी फार थोडे दिवस हाती असतात. ओल उडाली की दाणा रुजत नाही. नेमक्या याच दिवसांत गटाचा अथवा पंचायतीचा छोटा पेट्रोल टिलर पडवीतून बाहेर काढला जातो. दोरी वीस-पंचवीस वेळा ओढली जाते. यंत्र हूं की चूं करीत नाही. कोणीतरी जाणकारपणे सांगतो, "इंजिन बसले." यंत्र पुन्हा कोपऱ्यात जाते आणि यथावकाश जडवस्तू नोंदवहीत त्याच्यापुढे निर्लेखनाचा शेरा पडतो. ज्याच्या दावणीला बैल नाहीत आणि नव्या यंत्राची ऐपत नाही, त्याचे शेत मात्र त्या हंगामात तसेच राहते. हा शेरा मारण्यापूर्वी एक तास ठिणगीच्या शोधात घालवावा, एवढेच मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. भातखाचरात चिखलणी करणारे आपल्याकडील मोठे पॉवर टिलर बहुधा डिझेलवर चालतात. डिझेल इंजिनात हवा दाबून इतकी तापविली जाते की फवारलेले तेल आपोआप पेट घेते. तेथे स्पार्क प्लग नसतो आणि ठिणगीही नसते. आपण बोलतो आहोत ते एका सिलिंडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनाविषयी.

या इंजिनाला बॅटरी लागत नाही. दोरी ओढली की फ्लायव्हील फिरते आणि त्यात बसविलेले चुंबक कॉइलजवळून जाते. कॉइलच्या जाड तारेच्या वेटोळ्यात प्रवाह निर्माण होतो. तो ऐन भरात असताना पॉइंट उघडतात, प्रवाह तुटतो आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत काही हजार व्होल्टचा दाब उत्पन्न होऊन प्लगच्या फटीत ठिणगी उडते. शाळेत विद्युत्-चुंबकीय प्रवर्तनाचा धडा शिकविणाऱ्या शिक्षकांना याहून चांगले साधन मिळणार नाही. अमेरिकेतील ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीने १९८२ मध्ये पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक रचना आणली. पुढे इतरत्रही पॉइंट मागे पडत गेले. जुन्या यंत्रांत मात्र ते आहेत, आणि बहुतेक तक्रारी तेथेच उगम पावतात.

तपासणीस आरंभ प्लगपासून करावा. टाकीची तोटी बंद करून प्लग काढावा व त्याचा रंग पाहावा. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त किंवा हवेची जाळी तुंबलेली. पेट्रोलने ओला असेल तर इंधन पोहोचते आहे, पण पेटत नाही. प्लग पुसून त्याची फट साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवावी. मग प्लग टोपीत बसवून, त्याचे धातूचे अंग इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवावे आणि सावलीत दोरी ओढावी. निळी, चटचट वाजणारी ठिणगी चांगली. पिवळसर, मलूल ठिणगी दुबळी. प्लग रबरी मुठीच्या पकडीने धरावा आणि सिलिंडरच्या भोकापासून दूर ठेवावा. त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर पडत असते. ती पेटली तर टिलर दुरुस्त होण्याऐवजी पडवी जाते.

ठिणगी नसेल तर कॉइल विकत आणण्याची घाई नको. इंजिन बंद करण्याच्या बटणाकडे जाणारी तार आधी सोडवून पाहावी. ही तार उंदराने कुरतडली वा घासून उघडी पडली आणि लोखंडाला टेकली, तर बटण सतत दाबल्यासारखे होते. तार सोडताच ठिणगी आली, तर दुरुस्तीचा खर्च चिकटपट्टीएवढाच.

त्यानंतर पॉइंट. आपल्या दमट हवेत चार महिने यंत्र उभे राहिले की पॉइंटच्या तोंडांवर डोळ्यांना न दिसणारा गंज चढतो आणि प्रवाह वाहतच नाही. बऱ्याच इंजिनांत ते फ्लायव्हीलखाली असतात. फ्लायव्हील पुलरनेच काढावे. त्यावर हातोडा चालविणारे कारागीर मी पुष्कळ पाहिले आहेत; त्या एका घावाने चुंबक तडकते किंवा शाफ्ट वाकतो. पॉइंटमधून कोरडा, स्वच्छ जाड कागद दोन-चारदा ओढावा. खड्डे पडले असतील तर बारीक कानस चालवावी. पॉलिश पेपर नको, त्याची रेव तोंडात रुतून बसते. पॉइंट तेलकट आढळले तर शाफ्टचे ऑइल सील गळते आहे, ते बदलल्याविना पुसणे व्यर्थ. पूर्ण उघडल्यावरची फट इंजिनाप्रमाणे ०.३ ते ०.५ मिलिमीटर असते. माहितीपुस्तिकेतील आकडा प्रमाण मानून फीलर गेजने ती लावावी. डोळ्यांच्या अंदाजावर विसंबणे मला मान्य नाही.

पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील तर संशय कंडेन्सरवर. पॉइंट उघडताना तेथेच ठिणगी पडू नये म्हणून तो असतो. शंका असल्यास नवा बसवून पाहणे हीच सोपी परीक्षा. फ्लायव्हील परत बसविल्यावर कॉइल व चुंबक यांतील अंतरही पाहावे; ते साधारण ०.२५ ते ०.३५ मिलिमीटर, म्हणजे लग्नपत्रिकेच्या कागदाएवढे असते.

एक फसवी तक्रार सांगतो. यंत्र अर्धा तास चालते, तापते, बंद पडते. निवल्यावर पुन्हा सुरू होते. कॉइल तापून नादुरुस्त होत असेल तर असे घडते खरे, परंतु टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले तरी हेच होते. म्हणून बंद पडताक्षणीच ठिणगी पाहावी. ठिणगी असेल तर झाकण सैल करून दोरी ओढावी.

ठिणगी निळी आहे, पेट्रोल ताजे आहे, तरी इंजिन उलटे झटके देऊन दोरी हिसकावत असेल, तर फ्लायव्हीलची चावी कापली गेली असण्याचा संभव मोठा. कुदळीचे पाते दगडावर आदळले की ही छोटी पट्टी तुटते आणि ठिणगी अवेळी पडते. आणि पेट्रोल ताजे आहे हे गृहीत धरू नये. २०२५ पर्यंत देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत आले. असे इंधन ओलावा ओढून घेते. पावसाळाभर टाकीत राहिलेले इंधन काढून टाकावे आणि कार्ब्युरेटरही रिकामा करावा.

पंचायतीने यासाठी प्लग पाना, फीलर गेज, पुलर, एक नवा प्लग आणि यंत्राला जुळणारे पॉइंट व कंडेन्सर एका पेटीत ठेवावेत. निर्लेखनाच्या प्रस्तावासोबत ठिणगी तपासल्याची नोंद सक्षम अधिकाऱ्याने मागावी आणि ती नसेल तर कागद परत पाठवावा. तपासणी पेरणीच्या आधी नव्हे, भात पोटरीत असतानाच करावी, म्हणजे सुटा भाग आणावयास तालुक्याला जाण्याइतके दिवस हाती राहतात.

बाहेर अंगणात दोन बंद टिलर ठेवले आहेत. पहिल्याचा प्लग आपल्यापैकी कोणीतरी काढावा. मी बाजूला उभा राहतो.