पाळी सुटल्यावरचे शिक्षण



कामगाराच्या पोराला शिकण्याची हौसच नसते, असे वरचेवर कानी येते. मग १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात रात्रीची शाळा काढली, तीत येऊन बसत कोण? दिवसभर राबलेले शेतकरी आणि मजूरच ना! मुंबईस १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले व वर्ग सकाळी ठेवले, म्हणजे नोकरदाराने वर्ग आटोपून कचेरी गाठावी. उमेदीवर व्याख्याने झोडण्यापेक्षा (हे आम्ही व्याख्यानमालेतच सांगतो आहोत, क्षमा असावी) घड्याळ जुळवून दिलेले बरे.

आमचा एक सभासद बहिःस्थ विद्यार्थी म्हणून बी. ए.ला बसला. अर्जात नाव चुकले. ते दुरुस्त करण्याची खिडकी अकराला उघडणार. विद्यापीठाचे नाव आम्ही घेत नाही. त्याने एक खाडा केला, दिवसाची मजुरी गेली, तर साहेब रजेवर. दुसरा खाडा केला, तर शिक्का जागेवर नाही. तिसऱ्यांदा तो गेलाच नाही. दप्तरी नोंद काय झाली? विद्यार्थ्याने अभ्यास सोडला!

दुसऱ्या एकाच्या स्वाध्यायावर प्राध्यापकांनी तांबड्या शाईने चार ओळी लिहून धाडल्या. तो कागद त्याने आठवडाभर कँटीनमध्ये सर्वांना दाखविला, आणि रातपाळी करून परीक्षेस बसला.

तेव्हा विद्यापीठांपाशी आमचे मागणे फार नाही. आठवड्यातून एक दिवस खिडकी संध्याकाळी उघडी ठेवा, आणि परीक्षेचे वेळापत्रक महिनाभर आधी लावा. पाळी बदलून घेण्याचे आम्ही मालकाशी पाहून घेऊ.