टायर स्वस्त घ्यायचे की महाग? आधी सांगा, गाडी पळते कुठे

नागपुरातून बोलतोय. आजचा विषय काळा आहे, गोल आहे आणि खिशाला जड आहे. गाडीचे टायर.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांची पहिली गाडी आता चार-पाच वर्षांची झाली असेल. सर्व्हिसिंगवाला म्हणतो, "टायर बदला." दुकानात गेलं की दोन भाव समोर येतात. एक ऐकून बरं वाटतं, दुसरा ऐकून घाम फुटतो. मग आपण मित्राला फोन करतो आणि मित्र त्याच्या गाडीत जे आहे तेच सांगतो.

मी या विषयावर का बोलतोय, ते आधी सांगतो. मागच्या पावसाळ्यात आई-बाबांना घेऊन समृद्धीने छत्रपती संभाजीनगरला चाललो होतो. वर्धा मागे पडलं आणि जोरदार सर आली. वेग शंभरच्या आत आणला होता. समोर एक ट्रक अगदी हळू चाललेला, मागचे लाईट बंद. दिसला तेव्हा जवळ होता. ब्रेक दाबला, एबीएसचा थरथराट पायाला जाणवला, पण गाडी काही थांबेना, सरकतच राहिली. शेवटी ट्रकच्या मागे जेमतेम दोन-तीन फुटांवर वेग जुळला. पुढचे दहा मिनिटं गाडीत कोणी बोललं नाही. मग मागून आई एवढंच म्हणाली, "हळू चल रे बाबा."

घरी परतल्यावर टायर नीट पाहिले. पुढच्या दोन्हींच्या खाचा जेमतेम २ मिलिमीटर उरल्या होत्या. हवा ३३ पाहिजे तिथे २६. आणि मंडळी, ते टायर स्वस्तातले नव्हते. पाच वर्षांपूर्वी चांगले महागाचे, फॉरेन ब्रँडचे घेतले होते. त्याच भरवशावर मी तिकडे बघणंच सोडलं होतं. "महागाचे आहेत ना, मग काय टेन्शन!" टेन्शन मागच्या सीटवर बसलं होतं.

म्हणून स्वस्त की महाग, हा प्रश्न मी आता थोडा वेगळ्या पद्धतीने सोडवतो.

आधी स्वस्त म्हणजे काय ते पाहू. पूर्वी स्वस्त म्हटलं की अनोळखी नावाचे चायनीज टायर आठवायचे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली, म्हणजे परवान्याशिवाय आणता येत नाही. त्यामुळे आज दुकानात स्वस्त म्हणून जे दाखवतात ते बहुतेक आपल्याच एमआरएफ, सिएट, अपोलो, जेके या कंपन्यांचे साधे मॉडेल असतात. महाग म्हणजे मिशेलिन, कॉन्टिनेंटल, ब्रिजस्टोन वगैरे, किंवा भारतीय कंपन्यांचेच वरच्या रेंजचे.

कारच्या टायरला आयएसआय मार्क सक्तीचा आहे. शिवाय ओल्या रस्त्यावरची पकड, आवाज आणि रोलिंग रेझिस्टन्स यांचे किमान निकष सरकारने २०२२ मध्ये अधिसूचित केले. सांगायचा मुद्दा, चांगल्या कंपनीचं नवीन साधं टायर म्हणजे कचरा नाही. एका पायरीच्या वर ते असतंच. मग महागाचे जास्तीचे पैसे कशाचे? मुख्यतः तीन गोष्टींचे: ओल्या रस्त्यावरची पकड, शांतता आणि आराम.

आता मला मिळालेले भाव सांगतो. माझी साईज १८५/६५ आर १५. साधं भारतीय टायर साधारण ५ हजार, महागातलं साडेसात हजार. चार टायरमागे फरक १० हजारांचा. या १० हजारांत काय मिळतं, ते इंजिनियर माणसाच्या सवयीने कागदावर काढलं. बारावीचं फिजिक्स आहे, घाबरू नका.

धरून चला की ओल्या रस्त्यावर चांगल्या टायरचा घर्षणांक ०.६ आणि साध्याचा ०.५. हे आकडे मी समजण्यापुरते घेतलेत, कोणत्याही ब्रँडचे नाहीत. शहरात वेग ताशी ४० किलोमीटर. ब्रेक लागल्यापासून पहिली गाडी साधारण साडेदहा मीटरवर थांबते, दुसरी साडेबारा मीटरवर. फरक २ मीटर.

आता समृद्धीवर या. कारला मर्यादा १२० ची. पावसात एवढ्या वेगाने जाऊ नये, पण लोक जातात. त्या वेगाला पहिली गाडी ९४ मीटरवर थांबते, दुसरी ११३ वर. फरक १९ मीटर. वेग तिप्पट झाला, फरक नऊपट. त्याहून भीतीदायक गोष्ट म्हणजे, पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, तिथून दुसरी गाडी ताशी ४९ च्या वेगाने पुढे जात असते.

म्हणजे एकच टायर, एकच भाव, पण गाडी कुठे पळते त्यावर त्या १० हजारांची किंमत बदलते. मिहानमधला माझा एक सहकारी मनीषनगरहून ऑफिसला येतो-जातो. वर्षाला सहा-सात हजार किलोमीटर, सगळे शहरातले. त्याला मी सरळ सांगितलं, "भाऊ, साधे घे, वेळेवर बदल." त्याचे टायर घासण्याआधी म्हातारे होतील, मग जास्तीचे पैसे कशाला? पण जो दर महिन्याला समृद्धीने घरच्यांना घेऊन जातो, पावसाळ्यातही जातो, त्याने ते १० हजार टायरमध्ये टाकावेत. पाच वर्षांत वाटले तर वर्षाला २ हजार पडतात.

आता ब्रँडच्याही आधी येणाऱ्या तीन गोष्टी.

पहिली, टायरचं वय. टायरच्या बाजूला डॉट लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ०८२३ म्हणजे २०२३ चा आठवा आठवडा. एका दुकानात मला महागाच्या टायरवर घसघशीत डिस्काउंट मिळत होता. फ्लॅशलाईट लावून पाहिलं तर टायर तीन वर्षांपूर्वीचं. दुकानदार म्हणतो, "भाऊ, टायर का दूध आहे का, नासाले?" हसलो आणि बाहेर पडलो. रबर नासत नाही, पण कडक होतं, आणि कडक रबराची पकड कमी होते. बऱ्याच कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षं झाली की घासलं नसलं तरी बदला. मी स्वतः सहा महिन्यांच्या आतलंच टायर मागतो.

दुसरी, त्यावरचे आकडे. ८८ एच असं काही लिहिलेलं असतं. ८८ म्हणजे एका टायरची क्षमता ५६० किलो, एच म्हणजे वेगाची मर्यादा ताशी २१०. कंपनीने गाडीला जे दिलंय त्यापेक्षा खालचं घेऊ नका, कितीही स्वस्त मिळालं तरी.

तिसरी आणि सगळ्यात स्वस्त, हवा. आपल्या नागपुरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता. अशा उन्हात लोक काय करतात? "गरमीत टायर फुटते" म्हणून हवा कमी भरतात. नेमकं उलटं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, वाकल्याने आतून तापते, आणि ताशी शंभरच्या वेगाने तासन् तास हेच चाललं की टायर फुटू शकतं. समृद्धीवर टायर फुटला की सगळे सिमेंटच्या रस्त्याला दोष देतात, पण कमी हवा, जास्त वजन, जुनं रबर आणि न थांबता पळवणं ही चौकडी आधी बघा. ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या स्टिकरवरचा आकडा हा थंड टायरसाठी असतो. सकाळी निघायच्या आधी तेवढी भरा. तापलेल्या टायरमधून हवा कधीच काढू नका.

घासलेल्या टायरबद्दलही सांगतो. कायद्याने कारच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर लागते. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, टायर त्यांच्या बरोबरीला आलं की ते संपलं समजा. समृद्धीचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, आणि पुढच्याच वर्षी आरटीओला गाड्यांचे टायर तपासून चोपड्या टायरवाल्यांना परत पाठवायची मोहीम काढावी लागली. पण मी १.६ ची वाट बघत नाही. पाणी बाहेर फेकायचं काम त्या खाचाच करतात. ३ मिलिमीटरला आलं की पावसाळ्याआधी बदलतो. नवीन साधं टायर हे घासलेल्या महाग टायरपेक्षा पावसात बरं, हे मी त्या ट्रकच्या मागे शिकलोय.

एकदम चार घ्यायचं बजेट नसेल तर दोन घ्या, पण नवीन दोन मागे लावा. पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते, आपण वेग कमी करून सांभाळू शकतो. मागचे घसरले तर गाडी फिरते आणि मग सांभाळणं कठीण. सेकंडहँड टायर मात्र नकोच. त्याने आधी किती खड्डे खाल्ले ते आपल्याला कोणी सांगत नाही. आणि हो, २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. पक्कं बिल मागा आणि त्यावर १८ च आहे ना, ते बघा.

शेवटी मी काय घेतलं? महागातले चार, तीन महिन्यांपूर्वी बनलेले. बाबा भाव ऐकून म्हणाले, "काहून एवढे पैसे? टायर तं काळंच असते." आई मात्र मध्येच म्हणाली, "घेऊ द्या त्याले." तो ट्रक तिच्या लक्षात होता.

पण त्याहून मोठा बदल वेगळा आहे. गाडीत आता दोनशे-तीनशे रुपयांचा हवा मोजायचा गेज असतो, आणि दर पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी मी खाली जातो. लाँग ड्राइव्ह असेल तर आदल्या दिवशीही. टायर स्वस्त असो की महाग, त्याच्याकडे बघणारा माणूस लागतो.

तर मंडळी, हा एपिसोड ऐकून झाला की एक काम करा. मोबाईलचा टॉर्च घेऊन पार्किंगमध्ये जा आणि चारही टायरचे ते चार आकडे वाचा. स्टेपनीचेही. बाबांच्या गाडीचेही. काही भलतंच सापडलं तर मला कळवा. चला, भेटू पुढच्या भागात. सांभाळून चालवा!