मधुमेह केंद्र : इमारतीआधी वेळापत्रक

(संलग्न युनियनांच्या प्रतिनिधींच्या बैठकीतील भाषण)

साथींनो,

मधुमेहाच्या रुग्णांसाठी कामगार वस्तीत स्वतंत्र केंद्र काढावे, असा ठराव आपल्यापुढे आहे. त्याला कोणाचा विरोध असेल असे वाटत नाही. प्रश्न आहे तो केंद्र कसे चालवायचे याचा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. हा आता फक्त साहेबलोकांचा आजार राहिलेला नाही.

या आजारात सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही. गोळ्या मात्र रोज घ्याव्या लागतात आणि तपासणी जन्मभर करावी लागते. दवाखाना उघडतो कामाच्या वेळेत. म्हणजे प्रत्येक तपासणीला एक खाडा! कायम कामगार रजा टाकतो. कंत्राटी कामगाराची मजुरीच बुडते. दोन खेपा झाल्या की तिसऱ्यांदा तो जात नाही. मग काही वर्षांनी नजर, मूत्रपिंड किंवा पाय जाण्याची वेळ आली की पुन्हा रुग्णालयाची पायरी चढतो. म्हणून माझे म्हणणे असे की, इमारतीचा नकाशा काढण्याआधी केंद्राचे वेळापत्रक ठरवा.

रात्रपाळी सुटल्यावर सकाळी आणि दिवसपाळी सुटल्यावर संध्याकाळी केंद्र उघडे हवे. रात्रपाळीवाल्याला 'उपाशीपोटी या' असे सांगणे सोपे, पाळणे अवघड. एचबीएवनसी या चाचणीला उपाशी राहावे लागत नाही; मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी तीत कळते. अंगात रक्त कमी असेल तर मात्र ती फसवू शकते, हे आपल्या भगिनींच्या बाबतीत विशेष ध्यानात ठेवावे. इन्सुलिन आणि काही गोळ्या घेणाऱ्याचे जेवण चुकले तर साखर एकदम उतरते. क्रेनवर किंवा उंचावर काम करणाऱ्याच्या ते जिवावर बेतेल. तेव्हा डॉक्टरांनी औषध लिहिण्याआधी 'पाळी कोणती?' हे विचारलेच पाहिजे.

सामान फार लागत नाही. युनियन कार्यालयातल्या दोन खोल्या, साखर आणि रक्तदाब मोजण्याची यंत्रे, वजनकाटा, इन्सुलिनसाठी फ्रीज आणि पायाची संवेदना तपासणारा दहा ग्रॅमचा नायलॉनचा तंतू. पाय बधिर झालेल्या कामगाराला भट्टीजवळचा चटका कळत नाही, बुटातला खिळा टोचत नाही. म्हणून पायाबरोबर त्याचे बूटही तपासावेत. पूर्णवेळ परिचारिका हवी, डॉक्टर आठवड्यातून दोनदा आले तरी चालेल. वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची तपासणी नेत्ररुग्णालयाशी ठरवून करून घ्यावी.

नोंदवही केंद्रातच राहिली पाहिजे. नावे व्यवस्थापनाकडे जातात अशी नुसती कुजबुज झाली, तरी 'अनफिट' ठरण्याच्या भीतीने कोणी फिरकणार नाही.

हे आपल्याला जमेल काय? दल्ली राजहऱ्याच्या खाण कामगारांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली स्वतःच्या वर्गणीने आणि श्रमाने १९८३ मध्ये शहीद हॉस्पिटल उभे केले. आपण तर दोनच खोल्यांविषयी बोलत आहोत.

मात्र आपण केंद्र काढले म्हणून कर्मचारी राज्य विमा योजनेची जबाबदारी संपत नाही. जुलै २०१९ पासून तिच्यात कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी जाते. औषधे आणि पुढचे उपचार तिथूनच मिळवायचे. विम्याबाहेरच्या कामगारांसाठी सरकारी आरोग्य केंद्राकडे आग्रह धरायचा. आपले केंद्र पाठपुरावा करील, हक्क सोडणार नाही.

शेवटी हिशेबाविषयी. शिबिरात किती जणांचे रक्त तपासले, हा आकडा अहवालात शोभून दिसतो. आपण दुसरा आकडा मांडू : नोंदवलेल्यांपैकी वर्षअखेर किती जण येत राहिले? जो आला नाही, त्याच्या घरी आठवड्याच्या आत कार्यकर्ता गेला पाहिजे. थकलेली वर्गणी आणायला आपण घरोघर जातोच, तसेच याही कामाला जाऊ. वेळापत्रक, गुप्तता आणि पाठपुरावा ही तीन कलमे ठरावात घालावीत, अशी माझी सूचना आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!