दुसरा प्रयत्न

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गुणगौरवाच्या प्रसंगी केलेले भाषण)



'यश आणि चिकाटी' या विषयावर चार शब्द बोलावे, अशी आज्ञा चिटणीसांनी मला केली. हा विषय असा आहे की त्यावर कोणीही बोलू शकतो, आणि म्हणूनच त्यावर फार पोकळ बोलले जाते. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शाळामास्तर. उपदेशापेक्षा प्रश्न विचारण्याची सवय मला अधिक. तेव्हा आज मी काही प्रश्नच विचारणार आहे.

स्पर्धा-परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या हातांत सामान्यज्ञानाची पुस्तके असतात. त्यांत एका ओळीचा प्रश्न आणि दोन शब्दांचे उत्तर असते. ती उत्तरे पाठ असलीच पाहिजेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु अशा प्रत्येक उत्तरामागे आणखी दोन प्रश्न दडलेले असतात आणि ते पुस्तकात छापलेले नसतात. पहिला प्रश्न असा की, या माणसाचा हा कितवा प्रयत्न होता? दुसरा असा की, आधीचा प्रयत्न फसला तेव्हा त्याला पुन्हा उभे राहण्यास कोणी हात दिला? हे दोन प्रश्न जोडून आपण काही परिचित उत्तरे पुन्हा तपासून पाहू.

एव्हरेस्ट शिखरावर प्रथम कोण पोहोचले? एडमंड हिलरी आणि तेनसिंग नोर्गे, २९ मे १९५३. हे तिसरीतला मुलगाही सांगेल. पण तेनसिंगची ही एव्हरेस्टची सातवी मोहीम होती, हे किती जणांस ठाऊक असते? १९३५ साली ब्रिटिश मोहिमेबरोबर तो ओझी वाहणारा म्हणून प्रथम त्या पहाडावर गेला. त्यानंतर अठरा वर्षांत तो पुनःपुन्हा गेला आणि पुनःपुन्हा परतला. १९५२ च्या वसंतात स्विस मोहिमेतील रेमंड लँबर्ट आणि तेनसिंग हे दोघे सुमारे ८,६०० मीटर उंचीपर्यंत चढले. शिखर अवघे अडीचशे मीटर उरले होते. तेथून ते माघारी वळले. माघारी वळणे हादेखील चिकाटीचाच एक भाग आहे, कारण जो जिवंत परततो तोच पुन्हा जाऊ शकतो. पुढल्या वर्षी तेनसिंग शिखरावर उभा राहिला तेव्हा त्याच्या गळ्याला लँबर्टने दिलेला तांबडा रुमाल होता. ज्याला स्वतःला शिखर गाठता आले नाही, त्याची खूण अशा रीतीने शिखरावर पोहोचली. मला त्या रुमालाचे मोल शिखरापेक्षा कमी वाटत नाही.

आता शास्त्रज्ञांकडे वळू. आइन्स्टाइन शाळेत गणितात नापास झाला होता, असे नापास मुलाच्या समाधानासाठी हमखास सांगितले जाते. हे साफ खोटे आहे. पंधरा वर्षांचा होण्यापूर्वीच तो कलनशास्त्रापर्यंत पोहोचला होता. खरी हकिकत याहून अधिक उपयोगी आहे. १८९५ साली, नेहमीच्या वयोमर्यादेहून दोन वर्षांनी लहान असताना, तो झुरिकच्या तंत्रविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेस बसला. गणित व पदार्थविज्ञान यांत त्याने उत्तम गुण मिळविले. पण इतर विषय कच्चे राहिले आणि प्रवेश मिळाला नाही. तेव्हा विद्यालयाच्या प्रमुखांनी त्याला हाकलून न देता, आराउ गावच्या शाळेत एक वर्ष काढून पुरते शिक्षण घेण्याचा सल्ला दिला. त्या शाळेतील विंटेलर नावाच्या शिक्षकांच्या कुटुंबात त्याची राहण्याची सोय झाली. १८९६ साली तो झुरिकला दाखल झाला. म्हणजे हुशारी त्याच्यापाशी होतीच; परंतु एक सल्ला, एक शाळा आणि एका घरातले दोन वेळचे जेवण यांनी ते एक वर्ष वाया जाऊ दिले नाही.

आता आपल्या महाराष्ट्रातले उत्तर घेऊ. स्वतंत्र भारतास ऑलिंपिकमध्ये पहिले वैयक्तिक पदक कोणी मिळवून दिले? खाशाबा जाधव, हेलसिंकी, १९५२, कुस्तीत कांस्यपदक. कराडजवळच्या गोळेश्वर गावचा हा मल्ल. त्याचा पहिला प्रयत्न १९४८ चा, लंडनचा. तांबड्या मातीत घडलेला हा पहिलवान तेथे गादीवरच्या कुस्तीला सामोरा गेला आणि सहावा आला. सहाव्या क्रमांकाला पदक नसते आणि सामान्यज्ञानाच्या पुस्तकात जागाही नसते. चार वर्षांनी हेलसिंकीला जावयाचे तर पैशाची अडचण उभी राहिली. गावकऱ्यांनी आणि ओळखीच्यांनी वर्गणी जमविली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पदक जिंकून परतलेल्या खाशाबांची बैलगाड्यांसह मिरवणूक निघाली, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. खाशाबांनी कुस्त्यांचे सामने भरवून त्यांच्या उत्पन्नातून त्या गुरुजनांचे घर सोडविले. विश्वास टाकणारा आणि तो विश्वास फेडणारा, असे दोघेही एका पदकामागे उभे आहेत. आणि हे पदक किती दुर्मिळ होते पाहा: भारताला पुढचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक लाभले ते १९९६ साली, लिअँडर पेस यांच्यामुळे, म्हणजे ४४ वर्षांनी.

भारतातील महिलांचे पहिले विद्यापीठ कोणी स्थापन केले? महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी, १९१६ साली. मूळचे मुरूडचे धोंडोपंत लहानपणी परीक्षेसाठी कोकणातून घाट चढून पायी साताऱ्यास गेले. शंभर मैलांहून अधिक वाट, तीही पावसाची. तेथे परीक्षा-मंडळींनी या बारक्या चणीच्या मुलाकडे पाहिले आणि 'हा सतरा वर्षांचा दिसत नाही' म्हणून त्याला परीक्षेस बसूच दिले नाही. अभ्यास कच्चा म्हणून नव्हे, दिसण्यावरून! विद्यार्थिमित्रांनो, त्या दिवशी साताऱ्याहून मुरूडकडे परत निघालेल्या त्या मुलाची पावले किती जड झाली असतील, याची कल्पना करा. तोच मुलगा १८८१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, मॅट्रिक झाला. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचा प्राध्यापक झाला. १८९६ साली त्याने अनाथ विधवांसाठी आश्रम काढला. आणि १९५८ साली, आयुष्याच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न झाला. तेविसाव्या वर्षी मॅट्रिक होणाऱ्या मुलाला आजची आपली गुणगौरव समिती बोलावील काय, हा प्रश्न मी समितीच्या सभासदांपुढे नम्रपणे ठेवतो.

कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांचे नाव पुस्तकांत सहसा येत नाही. ते मी मुद्दाम घेतो. विशीच्या सुमारास त्यांना वैधव्य आले, आणि त्यानंतर त्यांनी शिक्षणास आरंभ केला. पुढे आश्रमासाठी निधी गोळा करीत त्या गावोगाव हिंडल्या. इंग्रजी येत नाही ही उणीव त्यांना सलत होती. ती भरून काढण्यासाठी पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९१८ साली, त्या एकट्या अमेरिकेस गेल्या आणि तेथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. आमच्या भगिनीवर्गात 'आता या वयात काय शिकायचे?' असे म्हणणाऱ्या ज्या असतील, त्यांनी ही हकिकत ध्यानी धरावी.

पहिला भारतीय कथापट कोणता? 'राजा हरिश्चंद्र', ३ मे १९१३, दादासाहेब फाळके. येथेही दुसरा प्रश्न विचारा. चित्रपट हा धंदा होऊ शकतो यावर कोणाचा विश्वास बसेना, तेव्हा फाळक्यांनी वाटाण्याचे बी कुंडीत लावून त्याला अंकुर फुटतो, वेल वाढते, हे रोज थोडे थोडे टिपून एक छोटीशी फीत तयार केली आणि ती भांडवलदारास दाखविली. विलायतेच्या प्रवासासाठी विम्याची पॉलिसी गहाण पडली. सरस्वतीबाई फाळके यांनी फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे शिकून घेतली आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही सांभाळला. उत्तराच्या रकान्यात मात्र एकच नाव मावते.

आतापर्यंत मी यशाच्या गोष्टी सांगितल्या. येथेच थांबलो तर आपली फसवणूक होईल; कारण 'प्रयत्न केला की यश मिळतेच' असा समज घेऊन मुले घरी जातील. तसे ते नेहमी मिळत नाही. म्हणून शेवटचा प्रश्न एका अपयशाचा. शुक्र ग्रह सूर्यबिंबावरून सरकताना दिसतो त्यास अधिक्रमण म्हणतात. हा योग आठ वर्षांच्या अंतराने दोनदा येतो आणि मग शंभराहून अधिक वर्षे येत नाही. आपल्या पिढीने तो २००४ आणि २०१२ साली पाहिला. पुढचा २११७ साली आहे. १७६१ च्या अधिक्रमणाच्या निरीक्षणासाठी ल जाँती नावाचा फ्रेंच ज्योतिषी आदल्या वर्षी पाँडेचरीकडे निघाला. तो वाटेत असतानाच ते शहर इंग्रजांनी घेतले. अधिक्रमणाच्या दिवशी तो भर समुद्रात, हलत्या जहाजावर होता. मोजमाप अशक्य झाले. घरी न परतता तो आठ वर्षे या भागातच राहिला, पाँडेचरी पुन्हा फ्रेंचांकडे आल्यावर तेथे गेला आणि वेधशाळा बांधून १७६९ ची वाट पाहू लागला. त्या दिवशी पहाटे आभाळ भरून आले. अधिक्रमण संपले आणि मग ऊन पडले! अकरा वर्षांनी तो मायदेशी परतला तेव्हा तो मेला असे समजून वारसांनी त्याची मालमत्ता वाटून घेण्यास आरंभ केला होता, आणि विज्ञानसंस्थेतील त्याची जागाही दुसऱ्यास दिली गेली होती.

या माणसाने काय चुकविले? काहीही नाही. तयारी होती, चिकाटी होती, दुसरा प्रयत्नही होता. नव्हते ते केवळ निरभ्र आभाळ. परंतु त्या वर्षांत त्याने हिंदी महासागरातील बेटांची व किनाऱ्यांची माहिती गोळा केली, पाँडेचरीत आपल्याकडील ज्योतिषगणिताच्या रीती समजावून घेतल्या आणि परत गेल्यावर ते सारे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. पुढे राजाच्या मध्यस्थीने विज्ञानसंस्थेत त्यास पुन्हा जागाही मिळाली. अपयशी माणसाचे नाव यादीतून खोडण्याची घाई करू नये, हा धडा त्या संस्थेला मिळाला. आपल्या संस्थेनेही तो घ्यावा, एवढ्यासाठी मी ही लांबची कथा सांगितली.

बंधुभगिनींनो, शाळेत मी निकालाचे अनेक दिवस पाहिले. उत्तीर्ण मुले पुढच्या फाटकाने गलका करीत जातात. नापास झालेला मुलगा मागच्या कुंपणाच्या वाटेने निघून जातो, आणि पुष्कळदा तो शाळेकडे पुन्हा फिरकतच नाही. त्याला बुद्धी कमी होती, असे मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. कोणाच्या घरी आजारपण होते, कोणी पहाटे दूध घालून शाळेत येत होता, कोणाला एकच विषय नडला होता. त्यांतील कितीकांना दुसरा प्रयत्न मिळालाच नाही.

आपण दरवर्षी पहिल्या श्रेणीच्या मुलांस बक्षिसे देतो. ती जरूर द्यावी. गुणांचे कौतुक न करणारा समाज दरिद्री होतो. पण ज्याच्या घरी आज पेढे वाटले गेले, त्याला आपल्या पाकिटाची निकड नाही. निकड आहे ती मागच्या वाटेने गेलेल्याची. म्हणून माझी कार्यकारी मंडळास तीन नम्र विनंत्या आहेत. पहिली, निकाल लागताच आपल्या समाजातील अनुत्तीर्ण मुलामुलींची चौकशी दोन वडीलधाऱ्यांनी घरी जाऊन, गाजावाजा न करता करावी. पुरवणी परीक्षा थोड्याच आठवड्यांत असते आणि अर्जाची मुदत लाजेपायी निघून जाते. दुसरी, त्यांची परीक्षा-फी व पुस्तके यांसाठी एक स्वतंत्र निधी काढावा. तो दान म्हणून न देता बिनव्याजी उसनवारी म्हणून द्यावा आणि कमावते झाल्यावर त्यांनी तो पुढच्या मुलासाठी परत करावा. खाशाबांनी घर सोडविले, ते याच न्यायाने. तिसरी, ज्यांची शाळा कधीच सुटली त्यांना, विशेषतः संसारात पडलेल्या भगिनींना, १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून परीक्षेस बसता येते. ती माहिती देणारा आणि अर्ज भरून देणारा एक माणूस आठवड्यातून एक दिवस संस्थेच्या कार्यालयात बसावा. हे काम माझ्यासारख्या रिकाम्या मास्तराकडे सोपविल्यास मी ते आनंदाने करीन.

विद्यार्थिमित्रांनो, आज तुमच्या हातांत जे प्रशस्तिपत्रक येईल, त्यावर एकच नाव असेल, तुमचे. घरी गेल्यावर ते भिंतीला लावण्यापूर्वी क्षणभर आठवा, की या कागदामागे कोणाची गहाण पडलेली वस्तू आहे, कोणाचे पहाटेचे उठणे आहे, कोणाचा रुमाल आहे. आणि तुमच्या वर्गातला जो आज या मांडवात नाही, त्याच्याकडे उद्या सकाळी आपल्या वह्या घेऊन जा. त्याला धीराचे बोल नकोत. गणिताची दोन प्रकरणे समजावून सांगा.

आपणा सर्वांस उत्तम आयुरारोग्य लाभो आणि आपल्या समाजातील एकाही मुलाचा प्रयत्न पहिल्या अपयशापाशी न थांबो, एवढी परमेश्वरापाशी प्रार्थना करून आपली रजा घेतो.