कोल्हापूर आणि संशोधनाच्या अनेक वाटा

कोल्हापुरात संशोधनाची परंपरा विद्यापीठाच्या आधीची आहे. १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर उत्खनन केले. तिथे सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली. याच टेकडीवर मिळालेली सागरदेव पोसायडनची कांस्यमूर्ती टाउन हॉल संग्रहालयात आहे. रोमन व्यापाराचा धागा इथवर पोहोचल्याची ती खूण.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार इतिहाससंशोधक होते. त्यांनी ताराबाईकालीन कागदपत्रे संपादित केली.

विज्ञानशाखांची दिशा वेगळी. भौतिकशास्त्रात सौर घटांसाठी लागणाऱ्या अतिपातळ थरांवर काम झाले. वनस्पतिशास्त्र विभागाने सह्याद्रीतील दुर्मिळ कंदीलपुष्पांचा अभ्यास आणि संवर्धन केले. या फुलाच्या नळीतले केस आत शिरलेल्या बारीक माश्यांना अडवून धरतात. केस कोमेजले की माश्या पराग घेऊन सुटतात.

मोडी कागद असो वा फूल, निरीक्षण, नोंद, तुलना आणि पडताळणी या पायऱ्या दोन्हीकडे लागतात. साधने मात्र विषयागणिक बदलतात.