मेंढरं राखायला बिनपगारी माणसं
(जिल्हा बैठकीतील भाषण)



इंग्लंडच्या दक्षिणेला रेताड माळ आहेत. त्याला तिथं हीथ म्हणतात. हेदर नावाचं ठेंगणं झुडूप फुललं की सारा माळ जांभळा होतो. १८०० सालापासून असे पाचातले चार माळ गेले. काही नांगरले, काहींवर पाइन लावले, काहींवर घरं उठली. उरलेले नुसते कुंपण घालून राखले तर टिकतील? नाही टिकत! चराई थांबली की बर्च आणि पाइन माजतात, हेदर सावलीनं मरतं, जमिनीवर अंडी घालणारा रातवा पक्षी निघून जातो.

म्हणून तिथं मेंढरं परत आणली. राखायला गडी परवडत नाही, तर गावची माणसं पाळी लावून जातात. निवृत्त मास्तर, कारकून, घरच्या बाया. रोज एक फेरी. मोजणी करायची, लंगडतंय का बघायचं, पाणी बघायचं, तार बघायची. लोकरीनं जड झालेलं मेंढरू उताणं पडलं तर त्याला उठता येत नाही, पोट फुगून काही तासांत मरतं. ते दिसलं की उभं करायचं. या माणसांना ‘लुकर’ म्हणतात. केंटकडच्या पाणथळ कुरणांवर पगारी राखण्याला पूर्वी हेच नाव होतं. नाव राहिलं, पगार गेला!

का गेला? तिथं आज लोकरीचे पैसे कातरणावळीलाही पुरत नाहीत. भाव मोडला की आधी धंदा जातो, मग माळ जातो. हे तुम्हाला मी काय सांगावं?

आणखी एक गंमत. जुन्या काळी युरोपात मेंढरं दिवसा माळावर चरायची, रात्री शेतात किंवा वाड्यात कोंडायची. लेंडी शेताला मिळे, माळ हलकाच राही. हेदरला हलकीच जमीन लागते, खत पडलं की तिथं गवत माजतं. आपण ज्वारी निघाल्यावर मेंढरं बसवतो ते याच हिशेबानं. फक्त आपल्याकडं धनगराला रानात शिरला म्हणून दंड होतो.

अर्थात कळप फार झाला तर मेंढरू हेदरही खाऊन टाकतं. किती डोकी, कोणता महिना, किती दिवस, हे तिथं कागदावर ठरवतात. आपल्याकडं ते धनगराला तोंडपाठ असतं. पुढच्या बैठकीला वाड्यावरच्या दोघा-तिघांना बोलवा. बसवणीचा दर काय असावा, तेही त्यांच्याच तोंडून ऐकू.