पहिली पंगत की दुसरी? क्रूझवर जेवायचं कधी

ज्यांना हेडफोन लावायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीसारखा लिहून टाकतोय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त 'ॲक्च्युअली' जरा कमी केलेत.

मागच्या जूनमध्ये आई-बाबा माझ्याकडे सिॲटलला आले होते. आम्ही तिघं सात दिवसांच्या अलास्का क्रूझवर गेलो. बुकिंग मीच केलं. बाल्कनीची खोली डावीकडे घ्यावी की उजवीकडे, यावर मी दोन रात्री व्हिडिओ बघत बसलो होतो. आणि जेवणाची वेळ? फॉर्मवर एक ड्रॉपडाउन होता: साडेपाच, सव्वाआठ किंवा 'जमेल तेव्हा'. म्हटलं, साडेपाचला कोण जेवतं, ती तर चहाची वेळ! सव्वाआठवर क्लिक केलं. दहा सेकंद लागले असतील.

ही भानगड काय असते ते आधी सांगतो. मोठ्या जहाजावर हजारो प्रवासी असतात आणि मुख्य डायनिंग हॉलमध्ये सगळे एका वेळी मावत नाहीत. म्हणून दोन पंगती. अगदी लग्नातल्यासारखं. टेबल ठरलेलं, वेटर ठरलेला, आणि तेच वेटर दोन्ही पंगतींना वाढतात. थिएटरमधले शोही त्याच हिशोबाने दोनदा होतात, त्यामुळे कुठलीही पंगत घेतली तरी शो बुडत नाही. फरक इतकाच की पहिल्या पंगतीला थोडी घाई असते, कारण साडेसातच्या सुमारास टेबलं पुन्हा मांडायची असतात. दुसऱ्या पंगतीला कोणी उठवत नाही. आणि हो, ही सगळी शिस्त त्या हॉलपुरती. वर बुफे असतोच, तिथे कधीही जा.

आता बाबांबद्दल. बाबांना पंधरा वर्षं डायबेटिस आहे. ते मिक्स इन्सुलिन घेतात, जेवणाच्या अर्धा तास आधी. गावी साडेसात म्हणजे साडेसात. मी लहान असल्यापासून बघतोय, बातम्यांची हेडलाइन संपते आणि ताट समोर येतं.

पहिला दिवस ठीक गेला. त्या रात्री खोलीत एक कागद आला, घड्याळं एक तास मागे घ्या. अलास्काची वेळ सिॲटलच्या एक तास मागे आहे. मी मोबाईल बघितला, त्याने वेळ आपोआप बदलली नव्हती, मग हाताने बदलली आणि झोपलो. लक्षात घ्या, मी दिवसभर ऑफिसात टाइमझोनचे बग सोडवतो. सर्व्हरवर सगळं यूटीसीमध्ये ठेवा म्हणून ज्युनियर लोकांना लेक्चर देतो. पण बाबांचं शरीर अजून सिॲटलच्या वेळेवर आहे, आणि जहाजावरचे सव्वाआठ म्हणजे त्यांचे सव्वानऊ, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दिवसभर समुद्र. दुपारचं जेवण साडेबाराला. चारला बाबांनी चहा घेतला, पण 'हा चहा नाही, रंगीत पाणी आहे' म्हणून अर्धा ठेवला आणि बिस्किटंही खाल्ली नाहीत. पावणेआठला खोलीत इन्सुलिन घेतलं. सव्वाआठला हॉलपाशी रांग. बसेपर्यंत साडेआठ. मग मेनू कार्ड, ऑर्डर, आईचं 'ह्यात अंडं आहे का बघ' हे सगळं. टेबलावर पावाची टोपली होती. बाबांनी ती बाजूला सरकवली. 'मैदा नको, शुगर वाढते.'

पावणेनऊच्या सुमारास बाबा गप्प झाले. मग माझ्यावर विनाकारण चिडले. मला वाटलं दमले असतील. आईने त्यांच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, 'घाम बघ किती आलाय. हात थरथरतोय.' आमचा वेटर गोव्याचा होता, सासष्टीकडचा. आईने हाक मारायच्या आत तो ऑरेंज ज्यूसचा मोठा ग्लास घेऊन आला. मागाहून म्हणाला, दुसऱ्या पंगतीला हे अधूनमधून बघतो, वयस्कर लोक येतात इन्सुलिन घेऊन आणि जेवण यायला वेळ लागतो. मीटर आईच्या पर्समध्ये होतं. ज्यूस अर्धा झाल्यावर आकडा बघितला तर 58. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघितलं, तेव्हा सत्तरच्या वर गेला होता. मग सूप आलं.

त्या रात्री बाल्कनीत उभे होतो. दहा वाजायला आले तरी उजेड होता. बाबा एवढंच म्हणाले, 'मला विचारलं असतंस तर मी साडेपाचच सांगितलं असतं.' ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

सकाळी हेड वेटरकडे गेलो. पहिली पंगत फुल. वेटिंगवर नाव टाका म्हणाला. मी कारण सांगितलं, तर म्हणाला, हे बुकिंगच्या वेळी लिहायला हवं होतं, मेडिकल कारण असेल तर आम्ही आधी बघतो. बरोबरच आहे. फॉर्मवर तशी जागा होती, मी रिकामी सोडली होती. दुपारपर्यंत फोन आला की टेबल मिळालंय. आणि वेटर तोच! मला भीती होती की पंगत बदलली की तो जाईल, कारण आईसाठी त्याने आदल्याच रात्री किचनमधल्या भारतीय शेफला सांगून ठेवलं होतं. पुढचे चार दिवस तिच्यापुढे वरण आणि चपाती येत होती. 'आंटी, तिखट बरं आहे का?' हे रोज.

पहिली पंगत आईला अजिबात आवडली नाही, हेही सांगतो. 'दिवेलागणसुद्धा नाही आणि जेवायचं?' आणि रात्री साडेनऊला तिला भूक लागायची. मग आम्ही दोघं वर बुफेत जाऊन फळं खायचो. पण एकदा ती सहज म्हणाली, 'घरच्या एकाही लग्नात मी पहिल्या पंगतीला बसलेले नाही. कायम वाढायला.' आणि पुढची चपाती मागितली.

जुनोला मात्र पंगत बुडाली. जहाज तिथे रात्रीपर्यंत थांबतं, व्हेल बघून परत यायला सात वाजले. बुफेत जेवलो, काही बिघडलं नाही, कारण या वेळी बाबांनी ताट समोर बघूनच इन्सुलिन घेतलं. त्यांच्या डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर विचारून, हं. तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारा, माझं ऐकू नका.

सगळ्यांनीच पहिली घ्यावी असं नाही. माझा मित्र भूमध्य समुद्रात गेला होता. चिवितावेक्क्याहून रोम जवळपास ऐंशी किलोमीटर. दिवसभर फिरून ट्रेनने परत यायचं आणि सहाला टेबलावर बसायचं, म्हणजे आंघोळसुद्धा नाही. त्याने दुसरी घेतली आणि सुखी झाला.

पण सिॲटलहून अलास्काला जाणार असाल तर शेवटची संध्याकाळ आधी तपासा. अमेरिकेत 1886 चा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकन बंदरातून निघून त्याच बंदरात परत यायचं, तर मध्ये एक परदेशी बंदर घ्यावं लागतं. म्हणून बरीचशी जहाजं शेवटच्या रात्री कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, आठ ते बारा वगैरे. दुसऱ्या पंगतीवाल्यांना एक तर जेवण किंवा व्हिक्टोरिया. (आई-बाबांचा कॅनडाचा व्हिसा आधी काढून ठेवा. एवढं एक काम मी नीट केलं होतं.)

तोपर्यंत घड्याळ पुन्हा तासभर पुढे आलेलं. आम्ही जेवून उतरलो. व्हिक्टोरियाच्या पार्लमेंटच्या इमारतीवर रात्री हजारो बल्ब लागतात, अगदी दिवाळीसारखे. समोरच्या बाकावर बसलो. बाबांनी घड्याळ बघितलं, खिशातून लिमलेटच्या गोळ्या काढल्या, एक मला दिली आणि विचारलं, 'उद्या सकाळचा नाश्ता किती वाजता आहे?'

मी खिशातून कागद काढला. बघून ठेवलं होतं.

पुढच्या एपिसोडला भेटू. तुमच्या घरी कोण कितीला जेवतं ते कमेंटमध्ये लिहा, मला खरंच वाचायचंय.